मेंढरू चरायला लागलं की औषध बंद

ग्यानबाने क्षयाच्या गोळ्या मधेच सोडल्या, कारण त्याला भूक लागायला लागली होती. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मेंढरू चरेनासं झालं की औषध पाजायचं, चरायला लागलं की थांबवायचं आणि उरलेलं पुढच्या दुखण्याला ठेवायचं, ही त्याची रीत. दुसऱ्या महिन्याअखेर तो पोटभर भाकरी खाऊ लागला आणि राहिलेल्या गोळ्या जनावरांच्या औषधाच्या पिशवीत गेल्या. कोर्स सहा महिन्यांचा आहे, हे त्याला सांगितलेलं होतं. भूक लागली तरी तो का संपवायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं.

खोकला परतला तेव्हा त्याची बायको भागुबाई हिला हे कळलं. कळप त्या वेळी येलदरीला, धरणाचं पाणी ओसरलेल्या गाळपेरावर होता.

"मेंढरू हाय का तुमी?" तिने विचारलं.

"मेंढरू बरं. त्याला बायको बोलत न्हाई."

जिंतूर तालुक्यातल्या तिच्या गावाजवळ आरोग्य केंद्र आहे, ग्यानबाच्या गोळ्या तिथूनच सुरू झालेल्या. भागुबाई एसटीने तिथे गेली. तिथली नर्स राजेश्री समजुतीची बाई. "औषध तुटलंय, मावशी. आता आधी थुंकी तपासावी लागेल. त्यांना घेऊन या."

"ते तिकडं येलदरीला हायत. मेंढरं कुनाच्या भरवशावर सोडावीत?"

"मग तिकडच्या केंद्रात दाखवा."

तिकडच्या केंद्रात संगणकावर बसलेल्या सिद्धोधनने नाव शोधलं. "नाव गावाकडचंच दिसतंय. त्यांनी ते इकडं पाठवायला पाहिजे. एक बटण दाबायचं असतं, बस."

भागुबाई एसटीने परत गावाकडच्या केंद्रात आली. बटण डॉक्टर दाबतात आणि डॉक्टर बैठकीला गेलेत, असं कळलं. पुढच्या खेपेला डॉक्टर भेटले, पण पेशंट न बघता नाव पाठवायला ते तयार नव्हते. औषध सोडलेला पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात मारला, असं वरच्यांना दिसेल, ही त्यांची अडचण. 

ही नाव पाठवण्याची सोय म्हणजे सुधारणाच आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, मेंढरांमागे जाणाऱ्यांचं औषध तुटू नये म्हणून ती झाली. केंद्राच्या दारात नवाकोरा फलक लागला आहे, 'तुम्ही जिथे, औषध तिथे'. भागुबाईला वाचता येत नाही, ते एका परीने बरंच.

"म्हंजी पेशंट म्होरं पाह्यजे?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"हो. समोर पाहिजे."

चार दिवसांनी पेशंट समोर आला. मागे अख्खा कळप होता, कारण कळप सोडून मेंढपाळ कुठे जात नाही. आवारात तपासणी पथकासाठी शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या. मेंढरं दोन मुक्काम चालून आलेली, भुकेली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत पहिली रांग साफ झाली होती.

"अहो बाई, ही जनावरं बाहेर काढा!"

"तुमीच म्हनलाव की, पेशंट आना. ह्यो पेशंट मेंढरं सोडून येत न्हाई. कुंड्या उचला की तवर."

कुंड्या उचलायला शिपाई एकच होता. डॉक्टर राजेश्रीला म्हणाले, "आधी यांचं बघा." डबी मिळाली, थुंकी घेतली. अहवाल आला की औषध तिकडे मिळेल असं ठरलं आणि डॉक्टरांनी उभ्या उभ्या खिशातला फोन काढून नाव येलदरीकडे पाठवलं. इतके दिवस अडलेलं काम शेवंतीची दुसरी रांग संपायच्या आत झालं.

अहवालात नेहमीच्याच गोळ्या चालतील असं निघालं, हे ग्यानबाचं नशीब. सिद्धोधनने त्या दिल्या. कोर्स मात्र पहिल्यापासून.

काही आठवडे गेले. परत गाळपेरावर आल्यावर एकदा जेवताना ग्यानबाने तिसरी भाकरी मागितली आणि हळूच म्हणाला, "आता भूक लागायलीय मला."

भागुबाईने गोळ्या पुढे धरल्या. "चरत नसलेल्या मेंढराला औषध कसं पाजिता?"

"जबडा धरून."

"तुमाला चरतानाबी तसंच पाजनार हाय मी. उघडा तोंड."

त्याने गिळल्या. तिने जिभेखालीही पाहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर कळप गावाकडे फिरेल. तोवर कोर्स संपलेला नसेल, तेव्हा नाव पुन्हा येलदरीहून गावाकडे यायला हवं. सिद्धोधनच्या लेखी ते एका बटणाचं काम आहे. पण हल्ली त्यांचे डॉक्टर बैठकीला गेलेले असतात.

"जाऊन बघते," भागुबाई म्हणाली. "त्यांच्या दारात कुंड्या हायत का, ते आधी बघते."