सरकारी पित्त

"बोटं पसरा!"

नमस्कार केला तरी आमच्या कंपाउंडरांचं उत्तर हेच. तुम्ही पाठ दाखवा, पोट दाखवा, ते आधी बोटांच्या बेचक्यांत बघणार. चष्मा कपाळावर चढवून, नाक जवळजवळ तळहाताला लावून.

निजामाच्या अमदानीत भोकरदनच्या दवाखान्यात खाजणारा माणूस डॉक्टरांना टाळून कंपाउंडरांच्याच खिडकीशी जायचा. त्यांची उलटतपासणी ठरलेली. "गांध उठती अन् दोन घंट्यांत बसती? मंग पित्त. गोल चकंदळ, कडेला लाल? गजकर्ण. रातच्याला वाढती, घरात सगळेच खाजवून राह्यले? मंग बिलकुल खरूज!" एकदा एका वकिलाची मान मागून सोलवटली होती. ह्यांनी त्याची कॉलर उलटून धोब्यानं कातडी भाजणाऱ्या बिब्ब्यानं केलेली खूण दाखवली आणि औषधाऐवजी "सदरा बदला" सांगितलं. एवढ्या सोप्या आजाराचा वकिलाला फार राग आला.

मी तहसील कचेरीत कारकून. तहसीलदारसाहेबांना खाज सुटली तेव्हा डॉक्टरांनी लांबूनच, अदबीनं, "पित्त" सांगितलं. खरूज गोरगरिबांची, ती साहेबांच्या अंगाला शिवायची हिंमत कशी करील? काही दिवसांत पेशकारांनाही पित्त झालं, मग चपराशाला. एकाच गादीवर मांडीला मांडी लावून बसणारी आमची कचेरी आमसुलाचं पाणी अंगाला चोळू लागली.

पित्त माझ्या घरीही आलं. चार वर्षांच्या शकूनं बोटांच्या बेचक्या ओरबाडून रक्त काढलं. झोप नाही, जेवण नाही, नुसती किरकिर. तरी मीही पित्तच म्हणायचो. नोकरी टिकवायची होती.

एका दुपारी साहेबांचं औषध घेऊन कंपाउंडर कचेरीत आले आणि सवयीनं म्हणाले, "सरकार, बोटं पसरा."

सगळ्यांच्या लेखण्या थांबल्या. साहेबांनीही चमकून हात पुढं केले.

"खरूज हाये, सरकार. सगळ्यांनी एकाच दिवशी गंधकाचं मलम लावा, कपडे उकळा, ही गादी उन्हात टाका."

"ये क्या बकवास है?"

"ह्यांना विचारा," कंपाउंडर माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ह्यांची लेक खाजवून बेजार हाये. दारात खेळताना डोळ्यानं बघितलंय मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "पित्तच आहे, सरकार."

साहेबांनी वर लिहिलं आणि कंपाउंडरांची मंठ्याला बदली झाली. निघताना सामानाची बैलगाडी थांबवून ते माझ्या दाराशी आले. वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. ते शकूपुढं बसले. "बोटं पसर, माय." स्वतःच्या हातानं मलम लावलं, डबी माझ्याकडे दिली. "मानेपासून खाली, सगळ्या घरानं. बराबर एकाच दिवशी." मी माफी मागायची सोडून डबीचं झाकण घट्ट करत बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

शकू बरी झाली. कचेरीची गादीही एक दिवस मुकाट्यानं उन्हात पडलेली दिसली आणि साहेबांच्या शेरवानीला गंधकाचा वास येऊ लागला. पित्त उतरलं म्हणून सगळ्यांनी साहेबांचं अभिनंदन केलं. मीही केलं.

पुढं शकूला ताप आला म्हणून दवाखान्यात नेली. खिडकीत नवा कंपाउंडर होता. शकूनं कुणी न सांगता दोन्ही हात पुढं केले, बोटं पसरली आणि तो वाकून बघेल म्हणून वाट पाहत उभी राहिली. त्यानं मान वर न करता तिच्या तळहातावर गोळी ठेवली.