एक भरती चालव, मग बघू

आमचा दामाजीकाका बसत नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा उभा असतो, घास तोंडात आणि नजर दाराकडे. टीव्ही तो चौकटीला टेकून बघतो. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनं उठला आणि खाडीचं पाणी बघून आला. तोवर न्हावी बिचारा वस्तरा हवेत धरून उभा.

होडी होती तोवर चेंदणी कोळीवाड्यात ह्याचं कोणाला काही वाटलं नाही. होडीवर बसून राहणारा माणूस हवाय कोणाला? पण नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात काकानं होडी विकली. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त लागायला लागलं होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे मालूताई.

मालूताई काकाची मुलगी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून वर्षभर घरी बसलेली. तिला नौपाड्यातल्या शिवरामपंतांनी एक काम देऊ केलं. एका ट्रस्टच्या दवाखान्याचे चाळीस हजार जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचे. शिवरामपंत शब्द इस्त्री करून बोलतात. "असं बघा, मालती. चार मुली बसवा. महिन्याला दहा हजार कागद झाले पाहिजेत. मी शुक्रवारी स्वतः येऊन तयारी पाहीन. नसेल तर डोंबिवलीची मंडळी थांबलेलीच आहेत." ताईचं नाव मालूच आहे. पंतांनी ते परस्पर सुधारून घेतलं.

ताई, शीला, हेमा आणि हेमाची वहिनी. चौघींना घरबसल्या काम मिळणार होतं. मशीन तेवढं नव्हतं, म्हणून होडी गेली. आता त्या पैशात एकदाच काय ते घेता येणार होतं, आणि काय घ्यायचं ह्यावर घरात आठ दिवस कोणाला स्वस्थता नव्हती.

ताईनं काकाला समजावलं. "बाबा, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. एक आहे सर्व्हरवाला प्रोसेसर, मोठा. एका मशिनीत तसले दोन. त्याला चार स्क्रीन जोडायचे, चौघी एकदम बसणार. बंद पडलेल्या कंपनीचा आहे, म्हणून स्वस्तात. नाहीतर दुसरा, सेलेरॉन. घरगुती, हलका. तेवढ्याच पैशात अशी दोन मशिनं येतील. पण दोनच जणी बसणार."

काका खिडकीपर्यंत गेला, परत आला. "म्हंजे एक ट्रॉलर, नायतं दोन होऱ्या."

"हां, तसंच. आणि मला ट्रॉलर पाहिजे."

"इंजिन बगितल्याशिवाय मी पैसं देत नाय."

काकाची इंजिन बघायची रीत सगळ्या खाडीला ठाऊक होती. विकणारा काय बोलतो ते तो ऐकतच नसे. एवढंच म्हणायचा, "एक भरती चालव, मग बघू." ओहोटी तळाला लागली की इंजिन सुरू करायचं आणि भरती पुरी होईस्तोवर बंद करायचं नाही. सहा तास. काका तोवर इंजिनापासून हलत नसे. मध्येच लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचा. होडीवर हे शोभून दिसायचं.

मंगळवारी आम्ही वागळे इस्टेटला गेलो. काका, ताई आणि मी. ऑक्टोबरचा उकाडा, रिक्षाची सीट चटका देत होती. बंद कंपन्यांचा माल विकणारे तानाजीशेठ एका काचेच्या खोलीत स्वेटर घालून बसले होते. आत एसी असा, की ताईनं ओढणी डोक्यावरून घेतली. सर्व्हर कोपऱ्यात उभा होता, कमरेएवढा, काळा, कुलूपवाला. त्याचा आवाज मला अजून काढता येतो: दात मिटून, नाकातून, श्वास न घेता "म्‌म्‌म्‌". घरी काढला की आई लाटणं उगारते.

तानाजीशेठचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून बाहेर येतं. "म्हणजे काय आहे ना साहेब, ही चीज वेगळी आहे. म्हणजे काय आहे ना, हिला झोप नाही. लाइट गेली तरी खालच्या बॅटरीवर चालते. म्हणजे काय आहे ना..."

"एक भरती चालव," काका म्हणाला.

शेठना वाटलं पैसे भरायचे आहेत. ताईनं भानगड समजावून सांगितल्यावर ते हसले, मग घड्याळ बघून हसायचे थांबले.

काकानं स्क्रू-ड्रायव्हर लावला. ऐकलं. त्याचा चेहरा असा झाला की ताई गालात हसली. तो आवाज त्याला आवडला होता. मोठ्या इंजिनाचा, एका लयीतला. ताई टर्मिनलवर टाइप करत होती, खोट्या नावांचे पेशंट भराभर चढत होते. काका मात्र खुर्चीत बसे, उठे, मशीनभोवती फिरे, परत बसे. दुसऱ्या तासाला त्यानं विचारलं, "तुमी स्वेटर का घातलाव?"

"म्हणजे काय आहे ना साहेब, मशिनीला गारवा लागतो."

"मशीन हाय का पापलेट?"

काकानं उठून एसी बंद केला. "आमचे घरात एशी नाय. आमचे घरात चालते तशी चालव."

शेठ एसीकडे झेपावले, मी मध्ये आलो, ताई ओरडली, "अहो शेठ, बघू तर द्या त्यांना!" तासाभरात शेठनी स्वेटर काढला, मग शर्टाचं वरचं बटण. सव्वा तासानं मशीन शिट्टी मारायला लागलं. पीं. पीं. पीं. चालत होतं, पण ओरडत होतं.

"कुलूप उघर," काका म्हणाला. "आत काय होतं ते बगू."

"म्हणजे काय आहे ना साहेब, चावी इंजिनियरकडे. तो पुण्याहून येतो. फोन केला की तीन दिवस, फार तर चार."

काकानं एसी परत लावला आणि भरती पुरी होईपर्यंत ते कुलूप हलवून बघत राहिला. मशीन शेवटपर्यंत चाललं, हेही सांगायला पाहिजे.

बुधवारी डोंबिवली. मानपाडा रोडला जिन्याखालच्या दुकानात सहदेव नावाचा पोरगेला माणूस दोन मशिनं उघडी टाकून बसला होता. त्याचं बोलणं म्हणजे एसटीच्या कंडक्टरची घंटी. "ऐका ना, ऐका ना काका, ऐका ना, सेलेरॉन चारशे, बत्तीस एमबी, आख्खी डोंबिवली हेच घेते, ऐका ना."

"मी आयकतोच हाय," काका म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर लावला. काही विशेष ऐकू आलं नाही. एका पंख्याची भुणभुण. काकाचा चेहरा पडला. कालच्यासारखा आवाज नव्हता.

चौथ्या तासाला लाइट गेली.

दोन्ही पडदे काळे. ताईचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. चाळीस मिनिटांचं टाइपिंग गेलं होतं.

"ऐका ना ताई, दर दहा मिनिटांनी सेव्ह करायचं असतं."

"माहितीय मला!" ताई अशी ओरडली की जिन्यावरून उतरणारी बाई थांबली. मग काकाकडे वळून म्हणाली, "बघितलंत? कालच्या मशिनीवर गेलं असतं का?"

काका म्हणाला, "जाल फाटतं, आपुन शिवतो. परत टाइप करशील." आणि सहदेवला, "यो इंजिन काढून दाखव."

लाइट नव्हती, तरी सहदेवनं दारातल्या उजेडात पंखा सोडवला, एक बारीक खटका वर केला आणि प्रोसेसर काढून काकाच्या तळव्यावर ठेवला. बिस्किटाएवढा.

"यो आख्खा?"

"हा आख्खा. गेला तर दुसरा टाकायचा. ऐका ना, ठाण्यातपण मिळतो."

"मी टाकू?"

सहदेवनं कोपरा कुठला, बाण कुठला ते दाखवलं. काकानं खाली बसून, आमच्या काकानं मांडी घालून, तो बिस्किटाचा तुकडा जागेवर ठेवला, खटका खाली दाबला, पंखा लावला. पाऊण तासानं लाइट आली आणि मशीन सुरू झालं. काकानं सहदेवच्या पाठीत असा धपका घातला की त्याचं 'ऐका ना' अर्धंच राहिलं.

परत येताना स्टेशनपासून कोळीवाड्यापर्यंत ताई पुढे आणि काका मागे. मी मध्ये.

"मोठी नाय घ्यायची," काका म्हणाला.

ताई थांबली नाही. "चार मुली बसवा म्हणालेत ते. ऐकलंत ना?"

"चार पोरी बोलला. चार डबरी नाय बोलला."

"मग पाळ्या लावू? कशा लावणार? हेमा आणि वहिनी बारानंतर सुटतात. शीला सकाळी आईबरोबर बाजारात. दुपारीच चौघी मोकळ्या. सगळं धरून सांगतेय मी."

"मालू, ती बंद परली तं चार दिवस चौघी हात बांधून बसणार. आमी तिघा भावांनी एक मोठी होरी केली होती. सीझनला इंजिन गेलं. एका भागासाठी बावीस दिवस. तीन घरं बसली. याचे बापाला विचार." हे माझ्याकडे बोट दाखवून.

माझ्या बापाला विचारायची गरज नव्हती. ते बावीस दिवस आमच्या घरात अजून दर महिन्याला जेवायला येतात.

ताई मग थांबली आणि हळू बोलली, ते जास्त लागलं. "बाबा, खरं सांगा. मशीन माझ्यासाठी घेताय, की होडी गेल्यावर तुमच्या हातांना काहीतरी उघडायला पाहिजे म्हणून?"

काका खाडीकडे बघायला लागला. पाणी कुठंच नव्हतं, नुसता चिखल. "दोनी," म्हणाला.

गुरुवारी दोन सेलेरॉन आली.

शुक्रवारी शिवरामपंत आले, चप्पल उंबऱ्याबाहेर जुळवून ठेवली, दोन मशिनं बघितली आणि तिसरं-चौथं आतल्या खोलीत असेल म्हणून तिकडेही डोकावले. आत काकू कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती.

"मालती, असं बघा. चार जणी म्हणजे चार जागा. ह्यात न समजण्यासारखं काय होतं? दोन जागा म्हणजे निम्मं काम. वीस हजार कागद तुम्हाला, वीस हजार डोंबिवलीला. माझाही नाइलाज आहे." चहा पूर्ण प्यायले, आभार मानले आणि गेले.



"अर्धं तं अर्धं," काका म्हणाला.

"तुम्हाला अर्धं. मला दोघींच्या घरी जाऊन सांगायचंय की तुम्ही नाही." ताईनं चप्पल पायात घातली.

काकानंही घातली. "मी घेतली ना मशिनं? मग सांगणार मी."

पहिलं घर शीलाचं. तिची आई हौसाबाई ओट्यावर पाटी धूत होती. हौसाबाईचा आवाज बारीक असताना बंदरावर जातो, मोठा असताना कुठं जातो ते कोणी मोजलेलं नाही. काकानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दोनच मशिनं, दुपारी दोघीच, शीलाला जागा नाही, चूक माझी.

हौसाबाईनं पाटी उपडी घातली. "सकालचे ती मशिनं काय करतात? झोपतात?"

"सकाली शीला तुजेसंगं बाजारात."

"मी काय लुली हाय? सकाली बसव तिला!"

"आई, दोन पाट्या कोण नेणार?" शीला आतून म्हणाली.

"तू गप! लय आली पाट्यावाली. गेल्या साली सुरमईचा भाव बोंबलाला लावलास, मेले!" मग काकाकडे वळून, "तू हितं काय उभा? तो इस्त्रीवाला पंत गेला ना? पल!"

काका पळाला. ताई पळाली. मी पळालो. सकाळी ताई आणि शीला, दुपारी हेमा आणि वहिनी. ताई पळताना बोटांवर मोजत होती.

शिवरामपंत स्टेशनच्या रिक्षास्टँडवर सापडले, कारण नौपाड्याचं जवळचं भाडं कोणी घेत नव्हतं. चार रिक्षांनी नाही म्हटलेलं, पाचवीत त्यांनी नुकता एक पाय घातला होता. काकानं रिक्षाची दांडी धरली.

"दोन पाल्या! चार पोरी! सकाली दोघी, दुपारी दोघी!"

"असं बघा..."

"रोज सकाळी साडेसहाला सुरू करू," ताई दम खात म्हणाली. "एकही कागद कमी पडणार नाही."

"ओ दादा, दांडी सोडा, मीटर पडलाय!" रिक्षावाला ओरडला.

पंतांनी मीटरकडे बघितलं. बहुतेक त्या मीटरनंच आमचं काम केलं. "एक आठवडा. अडीच हजार कागद. एक जरी कमी भरला तरी निम्मे डोंबिवलीला. आता सोडा."

पहिल्या आठवड्यात दोन हजार सहाशे बारा झाले. लाइट दोनदा गेली. ताई दर दहा मिनिटांनी ओरडते, "सेव्ह!" आणि शीला, हेमा, वहिनी, खिडकीतला मी, सगळे ओरडतो, "सेव्ह!" पंतांनी उरलेले गठ्ठे टेम्पोनं पाठवून दिले.

मशिनं मात्र एकदाही बिघडली नाहीत. काका रोज पहाटे स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकायचा आणि हिरमुसला होऊन बाहेर यायचा. साडेसहाला शीला आत शिरली की रस्त्यावर हौसाबाई दोन पाट्यांपाशी एकटी उभी. चार दिवस काकानं हे दारातून बघितलं. पाचव्या दिवशी गेला आणि जड पाटी उचलून डोक्यावर घेतली. दुसरीला त्यानं हौसाबाईला हातही लावू दिला नाही.

आमच्याकडे मासळी पकडायची पुरुषांनी, विकायची बायकांनी. नौपाड्याच्या बाजारात ओळीतल्या सगळ्या बायका काकाला बघून पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं विचारलं, "दामाजीभाव, लुगरं कवा नेसणार?"

काकानं पाटी उतरवली आणि गिऱ्हाईक आलं तसा तोंड उघडायला लागला.

"भाव मी सांगणार!" हौसाबाई खेकसली. "तू बस तितं."

"बसतो कशाला," काका म्हणाला, "दुसरी पाटी आनतो," आणि निघालासुद्धा.