दुसराही ट्रे करपला

फिटरला निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नळ झाले, बिजागऱ्या झाल्या, शेजारणीचं शिलाई मशीनसुद्धा झालं. तरी हात शिवशिवतच होते. बायको चार दिवस बहिणीकडे गेली तेव्हा त्याने ओव्हन उघडला. थर्मोस्टॅट बदलला, दाराचं झिजलेलं रबर काढून नवं बसवलं. दीड दिवसाचं काम, पण चोख झालं. बायकोला मात्र सांगितलं नाही. सुट्टीतली बिस्किटं झाली की सांगू, म्हणजे शाबासकी जरा मोठी मिळेल.

वर्षअखेरच्या सुट्टीत घरची सगळी जमत आणि मसाल्याची बिस्किटं बायकोच करी. तीस वर्षांत एकदाही बिघडली नव्हती. दालचिनी, लवंग, सुंठ ती स्वतः कुटे. विकतच्या पुडीला हात लावत नसे. पीठ आदल्या दिवशी मळून ठेवी. घड्याळ तिने कधी पाहिलं नाही. एक ट्रे आत गेला की दुसऱ्याचं पीठ लाटायचं, कापायचं, मांडायचं. तो भरला की पहिला बाहेर काढायचा. तिचे हात कधी मागेपुढे होत नसत.

यंदा सगळी येणार त्या दुपारी पहिला ट्रे काळा निघाला. दुसऱ्याला तिने घाई केली, तरी तोही करपला. एक बिस्किट मोडून तिने नाकाशी धरलं आणि खुर्चीत बसली. काम अर्धवट टाकून बसलेली बायको फिटरने कधी पाहिली नव्हती.

तो बाहेर गेला, आत आला, पाणी प्यायला, पुन्हा बाहेर गेला. पहिल्याच ट्रेला त्याच्या ध्यानात आलं होतं. जुना ओव्हन निम्मी धग दारातूनच सोडत होता, आणि बायकोचे हात त्या बिघाडाशी जुळलेले होते. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? एका ट्रेपुरतंच पीठ उरलं होतं आणि मुलगा, सूनबाई, नातवंडं चारला येणार होती.

तेवढ्यात सूनबाईचा फोन आला. बायकोने तिला शांतपणे सांगितलं, पुढच्या वर्षापासून बिस्किटं तू करत जा, मला आता अंदाज राहिला नाही. फोन ठेवल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मागच्या आठवड्यात किल्ली फ्रिजमध्ये सापडली. आईचंही असंच सुरू झालं होतं."

फिटर तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"अगं, तुझं काही चुकलेलं नाही. ओव्हन मी दुरुस्त केलाय."

"कधी?"

"तू ताईकडे गेली होतीस तेव्हा."

"आणि दोन ट्रे जळेपर्यंत गप्प बसलात?"

"बसलो कुठे? फेऱ्या मारत होतो."

ती हसली नाही. "तासभर मी स्वतःला वेड्यात काढत होते, अहो. तासभर."

जुनं रबर अजून आहे, अर्ध्या तासात बसवतो, असं तो पुटपुटला. पुन्हा हात लावलात तर बघा, एवढंच ती म्हणाली आणि उठली. एकच बिस्किट कापून आत ठेवलं आणि ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसून राहिली. ते आतून कच्चं निघालं. दुसऱ्याची कड करपली. तिसरं तिने मोडलं, हुंगलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं पीठ लाटायला घेतलं. निम्मी बिस्किटं आत ठेवून ती बाकीची लाटू लागली, पण या वेळी लाटणं जरा थांबत थांबत चाललं होतं. ट्रेमध्ये दर दोन ओळी मांडल्या की ती वळून काचेकडे पाही.

अठरा बिस्किटं झाली. खाणारी नऊ.

तिने सुनेला परत फोन लावला. मघाशी बोलले ते विसर, बिस्किटं मीच करणार. यंदा प्रत्येकी दोनच मिळतील, आणि ते का, हे सासऱ्यांना विचार.

चार वाजायला अजून पाऊण तास होता. फिटरने चपला घातल्या आणि तो फाटकापर्यंत जाऊन आला. पोरांना काय सांगायचं ते त्याने तीन प्रकारे जुळवून पाहिलं. तिन्ही वेळा ओव्हन त्यानेच उघडलेला निघाला.