हवापालटाला निघालेली गल्ली

गौलीगुड्यात आमच्या गल्लीत भोंगा लावलेला ऑटो शिरला की एकतर निवडणूक आलेली असायची, नाहीतर सुलतान बाजारात कुणाचा तरी सेल लागलेला असायचा. त्या दिवशी मात्र भोंग्यातून आधी तेलुगू आलं, मग उर्दू, आणि मग चक्क मराठी! एक पोरगी अडखळत बोलत होती, "हवापालटासाठी रविवारी सकाळी आमच्यासोबत चला. मुलांना आवर्जून आणा." हैदराबादेत भोंग्यातून मराठी कोण ऐकवतं हो? मी तव्यावरची पोळी तशीच सोडून गॅलरीत धावले. आणि धावता धावताच मनात आलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभावच तसा. भाजीवाल्यानं वर कोथिंबीर फुकट टाकली तरी मी ती आधी उलटून बघते. आमचे हे कोर्टात कारकून होते. ते म्हणायचे, "माझ्या जागी तूच कोर्टात पाहिजे होतीस, सगळ्यांची उलटतपासणी घेतली असतीस." पण या वेळी मला धड संशयही घेता येईना, कारण हवापालट हा शब्द आमच्या घरात महिनाभर घुमत होता.

आमच्या धाकटीला दमा होता. सात वर्षांची पोर, पण रात्री उशी उभी करून बसून झोपायची. घर सिटी बस स्टँडला लागून. पहाटेपासून बसगाड्या गुरगुरायच्या, आणि सकाळी वाळत घातलेला परकर संध्याकाळी काढला तर बोटं काळी व्हायची. त्यातून ते दिवस नव्या गाड्यांचे. बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, कालपर्यंत सायकलवरून फिरणारा माणूस हप्त्यावर स्कूटर घेऊन दारात उभा. कोठीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू ठेवा, पण खरं सांगू का बाई, हिला हवापालट पाहिजे. चार महिने कुठंतरी मोकळ्यावर न्या." कुठं नेऊ? गावाकडे मराठवाड्यात आमचं कुणी उरलं नव्हतं. थंड हवेचं ठिकाण आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं.

म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना जे कळलं तेच मलाही कळलं. कुणी दानशूर माणसं आजारी लोकांना हवा बदलायला फुकट नेणार आहेत. शेजारचे रिटायर मास्तर म्हणाले, "अनंतगिरीला नेत असतील, टेकडीवर." समोरच्या काकू म्हणाल्या, "मग स्वेटर घ्यावा का?" मी म्हटलं, "अहो काकू, फुकट कोण देतं या जगात? आपण सगळे तिकडे गेलो की मागे घरं पाडतील आणि बस स्टँड वाढवतील." काकूंनी डोळे मोठे केले, पण स्वेटर काढलाच.

दोन दिवसांनी, ज्यांनी तो ऑटो फिरवला त्या बाई स्वतः आल्या. बंजारा हिल्सला राहणाऱ्या, मराठीच, वडील म्हणे निजामाच्या काळापासून वकील. सुती साडी, पण सुती कसली, तिच्या किमतीत आमच्या घरी सणाची चार लुगडी आली असती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील, तरी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही याच हं." मोठ्या बाईनं आपल्याला ताई म्हटलं की समजावं, हिला आपलं काहीतरी हवंय. मी चहा दिला. त्यांनी कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"आपण सगळे एकाच हवेत श्वास घेतो ना, ताई," त्या म्हणाल्या. खालून तेव्हाच एक बस सुटली आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला.

रविवारी बस स्टँडपाशी अख्खी गल्ली जमली. मास्तर वळकटी घेऊन, काकू दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी पोरीचे दोन फ्रॉक, औषधाची बाटली आणि कानटोपी पिशवीत भरून. पोर सारखी विचारत होती, "आई, तिथं मला धावता येईल?" आणि मी, जन्माची संशयी बाई, म्हणत होते, "येईल गं."

बंजारा हिल्सची मंडळी फलक घेऊन आली. त्यांनी आमच्या वळकट्या पाहिल्या. मास्तरांनी विचारलं, "बस कुठे लागलीय?"

"बस?" बाई म्हणाल्या. "आपण चालत जायचंय, टँक बंडपर्यंत. मोर्चा आहे. पृथ्वी तापतेय, धूर वाढतोय, सरकारला जाग आणायची."

"आणि हवापालट?"

भोंग्यावरची ती पोरगी पुढे आली. बाईंचीच मुलगी, कॉलेजात जाणारी. बावरून म्हणाली, "क्लायमेट चेंजला मराठीत हवापालट म्हणतात ना? हवा म्हणजे क्लायमेट, पालट म्हणजे चेंज."

मग काकूंना असं हसू फुटलं की डबा हातातून पडायचा राहिला. मास्तर मात्र चिडले. वळकटी काखेत मारून म्हणाले, "मराठी येत नाही तर बोलता कशाला?" आणि घरी गेले. मला ना हसू आलं, ना राग. पोर पिशवीला धरून उभी होती.

मी परतच निघाले होते. पण बाईंनी हात धरला. "ताई, आमच्यातले एक छातीचे डॉक्टर टँक बंडवर मुलांना तपासणार आहेत. मोठे डॉक्टर आहेत. चला ना." मला तेव्हाही वाटलं, मुलं पुढे चालली म्हणजे फोटो चांगला येतो, म्हणून हे गाजर. पण गरजवंताला अक्कल नसते. गेले. ते डॉक्टर खरंच होते की नाही, मला आजतागायत ठाऊक नाही, कारण आम्ही तिथवर पोचलोच नाही.

पोरीच्या गळ्यात एक पाटी अडकवली आणि तिला पहिल्या रांगेत घातलं. कोठीपर्यंत ती हौसेनं चालली. मोर्चामुळे रस्ता अडला, अडलेल्या गाड्या जागच्या जागी धूर ओकू लागल्या, आणि आबिड्स यायच्या आतच पोरीची छाती वाजायला लागली. ओठ निळसर झाले. मी औषध दिलं, पाठ चोळली, ओरडले, "अरे कुणीतरी बघा!"

बघितलं त्या बाईंनीच. खोटं कशाला बोलू? पोरीला स्वतः उचलून त्या धावल्या. पुढे रस्त्याकडेला त्यांची नवी गाडी पाण्याचे कॅन घेऊन उभी होती, इंजिन बंद. त्यांनी आम्हाला आत बसवलं, ड्रायव्हरला एसी लावायला सांगितला. मग मला हळूच म्हणाल्या, "ताई, तिला बरं वाटलं की लगेच बंद करा हं. मोर्चा इथूनच जाणार आहे. धुराविरुद्ध मोर्चा आणि आपलीच गाडी चालू, बरं दिसत नाही." आणि परत रांगेत गेल्या.

काचा वर. बाहेरचा आवाज तुटला. गार, कोरडी, कसलाच वास नसलेली हवा. पोरीनं एक श्वास घेतला, मग दुसरा. छातीतली शिट्टी हळूहळू कमी झाली. माझ्या मांडीवर ती आडवी झाली, आणि तशीच झोपली. आडवी! किती दिवसांनी मी तिला आडवी झोपलेली बघत होते. मला रडू कोसळलं.

तेवढ्यात मोर्चा आला. ड्रायव्हर मागे वळला. "अम्मा, बंद करूं? मॅडम बोले थे."

बाई मागच्या काचेतून येताना दिसल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोटांनी किल्ली फिरवल्याची खूण केली. मागे आमची गल्ली. काकूंनी पदर नाकाला लावलेला, आणि आमच्या गाडीचा धूर सरळ त्यांच्या अंगावर जात होता. त्या खोकत होत्या, पोरं खोकत होती.

"नक्को भाई," मी म्हटलं. "चलने देव. एसी और थोडा बढाव."