चार काठांची गोधडी

गोधडीसाठी चिंध्या कुणी विकत आणत नाही, त्या आपोआप जमतात. आमच्या ओट्यावरच्या गोष्टींचंही तसंच. एक सांगायला जावं तर तिच्या दोऱ्यात अडकून दुसऱ्या दोन वर येतात! परवा फोनवर माझी बहीण म्हणाली, "अगं, एवढं सांगतीस ते लिहून ठेव की." मी म्हणलं, सातवी शिकलेली बाई मी, काय लिहिणार? तर म्हणते, "गोधडी शिवायला कुठं डिग्री लागली तुला?"

म्हणून बसलेय. पोरगी झोपलीय तोवर.

आधी माणसं सांगते. आमचं गाव युसूफ वडगाव. दुपारची भांडी झाली की आमच्या दारच्या ओट्यावर चौघी बसतो. मी, माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, शेजारची गंगूआजी आणि शिलाई मशीनवाली शकीलाचाची. गल्लीतल्या निम्म्या गोधड्या गंगूआजीच्या हातच्या. पाचवी एकजण ओट्यावर येत नाही, पण सगळं ऐकते. ती भिंतीपलीकडं असते. तिचं पुढं येईलच.

आणि चिऊ. माझी पोरगी. मागच्या दिवाळीत झाली, वजनानं जरा कमीच. मी आधीच घाबरट, त्यात हे! ती झोपली की नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. जागी असली की टेन्शन, झोपत का नाही?

*

चिऊला पहिल्या थंडीत यांनी बाजारातून मऊमऊ ब्लँकेट आणलं. केसाळ. एक दिवस बघते तर पोरीच्या जिभेवर पांढरा तंतू! झालं! ब्लँकेटचे केस पोटात गेले म्हणून मी जी किंचाळले, की हे अंघोळीवरून तसेच ओल्या डोक्यानं मोटरसायकल काढून आले. पोरीला घेऊन आम्ही थेट केजला डॉक्टरकडं. आत्याबाई मागं बसल्या, मी मधे.

डॉक्टरांनी बॅटरी मारली, बोटानं तंतू काढला, उजेडात धरला. मग हुंगला.

"ताई, हे खोबरं आहे. किसलेलं."

मी म्हणलं, "डॉक्टर, तीन महिन्यांची पोरगी, ती खोबरं कुठनं खाईल?"

दाराजवळून बारीक आवाज आला, "म्या नुस्ती चव दाखिवली व्हती."

आत्याबाई!

घरी आल्यावर ब्लँकेट पेटीत गेलं. आत्याबाईंनी हुकूम काढला, "आता गोधडीच शिवायची. तिला केसबी न्हाईत आन् खोबरंबी न्हाई."

*

चिंध्या जमायला लागल्या. माझ्या मॅक्सीचे तुकडे, चाचीकडची कापणं, आत्याबाईंचं जुनं पातळ. गंगूआजी ठिगळं लावत बसायची. ती कपडा बघत नाही, नुसता बोटांनी चाचपते आणि कापते. असंच एकदा यांचा निळा चेक्सचा शर्ट कापला. वाळत घातलेला होता, चिंध्यांत नव्हता!

हे संध्याकाळी शर्ट शोधत आले आणि गोधडीकडं बघतच राहिले. बरोब्बर मधोमध त्यांचा शर्ट. खिशासकट!

"आजे, खिसा कावून ठिवला?"

"पोरीची जात हाय. तिला खिसा लागंल," आजी म्हणाली आणि खिसा ताणून बघायला आत बोट घातलं. बोटाबरोबर पुडी बाहेर आली. तंबाखूची. लग्नातच यांनी सोडली होती ती! अंगाऱ्याची शपथ घेऊन!

हे म्हणाले, "जुनी हाय ती. कवाची राहिली असंल."

आजीनं पुडी माझ्यापुढं धरली. "तू सातवी शिकलीस ना? तारीख वाच."

मी वाचली. मागच्याच महिन्याची होती.

आजी म्हणाली, "दत्ता, आता ह्या बाईचं तू वर्षभर ऐकायचं." ते लक्षात ठेवा, मला पुढं कामाला आलं.

*

आता काठाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या गल्लीत गोधडी ओळखायची ती काठावरून. मधली ठिगळं सगळ्यांची सारखीच, कारण चिंध्या एकमेकींकडूनच आलेल्या! नवरात्राच्या आधी दसरा काढतो, म्हणजे घरातलं झाडून सगळं धुतो. तेव्हा गल्लीभरच्या गोधड्या एकाच कुंपणावर वाळतात. संध्याकाळी जिनं तिनं आपला काठ बघायचा आणि आपली गोधडी उचलायची.

माझा पहिलाच दसरा. आत्याबाई म्हणाल्या, "आपला हिरवा इरकलीचा काठ. जा घिऊन ये." मी हिरवा काठ बघितला, आणली. आठ दिवस आत्याबाई ती पांघरून झोपल्या. रोज सकाळी म्हणायच्या, "यंदा गोधडी लई उबदार वाटायली. धुणंच तसं केलं म्या."

नवव्या दिवशी त्यांचं बोट एका भोकात गेलं. विडीचं भोक! आमच्या घरात विडी कुणी ओढत नाही.

ती गोधडी सुमनकाकीची होती. हीच ती भिंतीपलीकडची. आत्याबाईंची सख्खी जाऊ. यांच्या आजीचं हिरवं इरकल लुगडं होतं. आजी गेल्यावर दोघी जावांनी ते निम्मं-निम्मं घेतलं, म्हणून दोघींच्या गोधडीला काठ एकच. पुढं भिंतीला लागून असलेल्या लिंबाच्या फांद्या कुणी तोडल्या यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. लिंब अजून आहे. फांद्याही परत आल्यात!

म्हणजे बोलतात. पण सरळ नाही. काकी तिच्या शेळीशी बोलते, आत्याबाई आमच्या म्हशीशी. त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "ए शेळे, तिकडं सांग, आमची गोधडी उबवून झाली आसंल तर भित्तीवर टाका म्हणावं!"

आत्याबाई म्हशीजवळ गेल्या. "म्हशे, तिला सांग, आमची आठ दिस कुणाच्या अंगावर व्हती ते आधी इचार!"

कारण आमची गोधडीही आठ दिवस तिकडंच होती. आणि तीही गुमान झोपली होती!

*

तर चिऊच्या गोधडीचे टाके झाले आणि काठाचा प्रश्न आला. काठ कुणाचा?

मी रात्रंदिवस तेच घोकायला लागले. आत्याबाईंनी जपून ठेवलेली हिरव्या इरकलीची पट्टी काढली. "घराण्याचा काठ हाय. दुसरा इचारच न्हाई." माझ्या आईनं नांदूरघाटहून माझ्या हळदीच्या पिवळ्या साडीचा काठ पाठवला. फोनवर म्हणाली, "पहिल्या नातीला माहेरचं काहीतरी असावं, एवढंच. बाकी तुमचं तुम्ही बघा." एवढंच म्हणाली आणि नाक ओढलं. शकीलाचाचीनं नवीकोरी गुलाबी साटनची पट्टी शिवून आणली. "बेटी, बच्चीच्या गालाला काठ लागतो. साटन मऊ ऱ्हाती. मी काय मागत नाही, फक्त हे लाव."

तिघी तीन बाजूला, मधे मी! आत्याबाईंचा लावला तर आई रडणार. आईचा लावला तर ह्या घरात मला राहायचंय. चाचीचा नाही लावला तर कसं चालेल? बाळंतपणात रोज डिंकाचा लाडू तिनं आणून दिलेला.

त्यात मला भलतीच भीती. गुलाबी रंग सुटला आणि पोरीच्या तोंडात गेला तर? म्हणून साटनची पट्टी मी पातेल्यात टाकून चुलीवर उकळायला ठेवली. नेमकी चाची आली. पातेल्यात बघितलं.

"बेटी, काय शिजवायलीस?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मीठ घातलंस?"

मी म्हणलं, "हो." खरंच घातलं होतं, रंग पक्का होतो म्हणून.

चाची खाली बसली. "मग काढ दोन वाट्या. तुझ्या सासूलाबी बोलाव."

रंग सुटला नाही. चाची आठवडाभर गल्लीत सांगत होती, साटन नरम शिजतं म्हणून.

*

शेवटी गंगूआजीनं फैसला दिला, "उद्या मापं घ्यायची. ज्येचा काठ चारी बाजूला पुरंल, त्येचा लावायचा."

मी घरी येऊन चाचीच्या टेपनं गुपचूप मोजलं. तिन्ही पुरत होते!

मग मला पुडी आठवली. मी यांना म्हणलं, "अहो, उद्या माप तुम्ही घ्यायचं. हातानं."

"कावून? टेप हाय की."

"टेप आजीला समजत नाही. आणि तुमचा हात लांब आहे."

हे हुशार माणूस. माझ्याकडं बघितलं, निळ्या खिशाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्या जमल्या. हे हिरवी पट्टी घेऊन मोजायला लागले. कोपरापासून बोटापर्यंत नाही हो, थेट खांद्यापासून, म्हणजे हात कमीच भरणार! आणि मोठ्यानं ओरडले, "कमी पडतंय!"

पिवळी मोजली. "कमी पडतंय!" गुलाबी मोजली. "लईच कमी पडतंय!"

गंगूआजी यांच्या हाताकडं बघत होती. तिला सगळं कळलं, शपथेवर सांगते. पण ती एवढंच म्हणाली, "माणसाचा हात वाढतो कधीकधी. बायकूनं सांगितलं म्हंजे."

मग मी हळूच म्हणलं, "एकेका बाजूला एकेकीचा लावला तर?"

आजी म्हणाली, "येडी का खुळी? येगळे येगळे काठ आसले तर गोधडी कुणाची हाय, कसं वळखायचं?"

पण कुणी दुखावलं नव्हतं. तिन्ही बाजू ठरल्या. चौथी कुणाची, यावर परत वाद सुरू होणार तेवढ्यात भिंतीवरून काहीतरी उडून आलं आणि म्हशीच्या पाठीवर पडलं.

हिरव्या इरकलीची गुंडाळी.

भिंतीपलीकडं आवाज, "ए शेळे, कमी पडतंय म्हणून कवाचं वरडायलेत तिकडं. पोरीला थंडी वाजंल म्हणावं!"

आम्ही सगळ्या आत्याबाईंकडं बघायला लागलो. आत्याबाईंनी म्हशीच्या पाठीवरून गुंडाळी उचलली, झटकली, बोटांनी पोत बघितला.

"म्हशे," त्या म्हणाल्या, "रंग तेवढा टिकिवलाय बग."

आणि आत निघून गेल्या. नको म्हणाल्या नाहीत! गंगूआजीनं तेवढ्यात सुई ओवली होती.

*

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा घालायचा, अशी आमच्यात रीत आहे. भुकेली गोधडी ऊब देत नाही म्हणतात. पण मला मुंग्यांची भीती! मुंग्या आल्या, पोरीच्या कानात गेल्या तर? मी आजीला म्हणलं, "तुकड्याऐवजी ज्वारीचा एक दाणा घालू या का?"

आजीनं दाणा घेतला. कोपऱ्यात घातला. टाका मारता मारता म्हणाली, "घातला. आता दळणार कोण आन् थापणार कोण, ते गोधडीच बघंल."

*

यंदाचा दसरा. चिऊची गोधडीही धुतली, कारण चिऊनं ती रोज धुण्यासारखी करूनच ठेवली होती. कुंपणावर घातली. संध्याकाळी आणायला गेले तर गोधडी नाही!

मी चाचीकडं पळाले. चाची म्हणाली, "गुलाबी बाजू वर दिसली म्हणून मीच उचललेली, बेटी. मग फिरवली तर पिवळी. म्हणलं तुझ्या आईची, परत कुंपणावर ठेवली." गंगूआजीकडं गेले. आजी म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं."

आता एकच घर उरलं होतं. त्या उंबऱ्यावर लग्न होऊन आल्यापासून मी पाय ठेवलेला नव्हता. ऊन उतरायला लागलं, गार वारा सुटला, चिऊ शिंकली. एकच शिंक, पण मी रडायलाच लागले. "आत्याबाई, पोरीला रात्री काय पांघरू? ते ब्लँकेट?"

आत्याबाई म्हशीजवळ गेल्या. तोंड उघडलं. काहीच बोलल्या नाहीत. डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागल्या. चिऊला कडेवर घेऊन मी मागं.

सुमनकाकी अंगणात बाजल्यावर बसली होती. मांडीवर चिऊची गोधडी, हातात सुई. हिरव्या बाजूचे दोन टाके उसवले होते, ते घालत होती. शेजारी शेळी बांधलेली.

आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. काकीनं मान वर केली. दोघींनी आधी शेळीकडं बघितलं. मग एकमेकींकडं.

"सुमन," आत्याबाई म्हणाल्या, "गोधडी आमची हाय."

"काठ माझा हाय," काकी म्हणाली.

"माझाबी हाय."

काकीनं दोरा दातानं तोडला. थोडी सरकली. बाजल्यावर जागा केली. आत्याबाई बसल्या. मी दारातच, चिऊचं तोंड धरून, कारण ती नेमकी आत्ताच ओरडेल असं मला वाटत होतं.

चिऊ नाही ओरडली. शेळी ओरडली. चांगली लांब, ब्याऽऽ करून.

काकी तिच्याकडं वळली.

"तू गप बस गं," म्हणाली, "आमी बोलायलोत ना!"