टाकीखाली बोलणाऱ्या टेलरबाई

टेलरबाई तशा शांत स्वभावाच्या. पँट ढगळ झाली म्हणून गिऱ्हाइकाने कितीही आदळआपट केली तरी त्या आधी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवायच्या आणि मग बोलायच्या. पण कोणी इंटरनेटचं नाव काढलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि का जाऊ नये?

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी. शाळेत शिकवलेल्या खुणा लेकीला येत होत्याच, पण आईशी बोलताना ती घरच्या खुणा वापरायची. दोन बोटं कात्रीसारखी चालवली की काम. गालावर अंगठा टेकवला की बाबा, कारण दाढी करताना बाबा हमखास तिथेच कापून घ्यायचे. बाबा गेले, खूण तेवढी राहिली.

लेक शहरातल्या बेकरीत कामाला लागली आणि हे सगळं बोलणं फोनच्या पडद्यावर आलं. इथेच घोडं अडलं. कंपनीने हमरस्त्यापर्यंत केबल आणली, तिथे एक पेटी बसवली, शेजारी ‘तुमचं गाव आता जगाशी जोडलं गेलं आहे’ असा भला मोठा फलक ठोकला आणि पुढे एक पाऊल टाकलं नाही. टेलरबाईंच्या घरात व्हिडिओ लागायचाच नाही. त्यातल्या त्यात रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीखाली. बाकीचे लोक तिथे फोन हातात धरून बोलायचे. पण टेलरबाईंना तर दोन्ही हात मोकळे हवेत! मग त्यांनी टाकीच्या खांबाला इलॅस्टिक बांधलं, त्यात फोन अडकवला आणि दर रविवारी खांबासमोर उभं राहून लेकीशी गप्पा मारू लागल्या. बाई खांबाला व्यायाम शिकवतात, अशी गावात थट्टा चालायची. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

पण चित्र तिथेही अडकायचंच. हात सुरुवातीला दिसायचा आणि एकदम शेवटाला, मधलं सगळं गायब. मग दोघींनी एक युक्ती काढली. खूण केली की हात तसाच हवेत धरून ठेवायचा. पलीकडून मान हलली की पुढची खूण. नुसतं ‘जेवलीस का, झोप लागते का’ एवढं विचारेपर्यंत बाईंचे खांदे भरून यायचे. एरवी हेच हात मशीनवर असे चालायचे की बघणाऱ्याने बघत राहावं.

कंपनीला फोन केला, तर तिथला मुलगा म्हणाला, “मावशी, व्हिडिओ अडकत असेल तर साधा कॉल करा ना. आवाज एकदम क्लिअर येतो.”

“अरे, माझ्या मुलीला ऐकू येत नाही.”

“मग मेसेज करा.”

काय अक्कल आहे! मेसेज काय, लेक रोज करायची. ‘ठीक आहे.’ ताप असला तरी ठीक आहे, मालक ओरडला तरी ठीक आहे. ती खरंच ठीक आहे की नाही हे तिच्या भुवया सांगायच्या, आणि भुवया मेसेजमध्ये येत नाहीत.

बऱ्याच कटकटीनंतर कंपनीचा माणूस आला. फलकाशेजारच्या पेटीजवळ उभा राहिला आणि आपल्या मोबाइलवरचा आकडा दाखवत म्हणाला, “बघा मावशी, फुल स्पीड.”

“इथे कोण राहतं, भाऊ? माझ्या घरी चला आणि तिथे दाखवा.”

“आमची जबाबदारी पेटीपर्यंत. पुढचं आमच्याकडे येत नाही.” आणि गाडीला किक मारून तो गेलासुद्धा.

त्यानंतर लेकीचं मनगट बिघडलं. कणकेचे गोळे मळून मळून उजवा हात सुजला, औषधं झाली, शेवटी ऑपरेशन ठरलं. हे आईला कळलं ते आदल्या दिवशी, मेसेजमधून. ‘उद्या हाताचं ऑपरेशन. ठीक आहे.’

टेलरबाई मशीनवरचं कापड तसंच टाकून टाकीकडे धावल्या. फोन इलॅस्टिकमध्ये अडकवला. लेक दिसली. भुवया पार आवळलेल्या. तिने उजवा हात छातीशी नेला आणि चित्र थिजलं. बाई वाट बघत राहिल्या. त्यांनी फोन काढला, वर धरला, खांबाला वळसा घालून पलीकडे गेल्या. हात छातीशीच. मग पडदा काळा झाला. थोड्या वेळाने मेसेज आला, ‘ठीक आहे.’

बाईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडल्या. “उद्यापासून माझ्या पोरीची जीभ बँडेजमध्ये गुंडाळणार आहेत! आणि आज तुम्ही तिला पोटभर बोलू दिलं नाहीत!”

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “आपली तक्रार नोंदवली आहे.”

सकाळची पहिली गाडी पकडूनही बाई पोचल्या तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. लेकीचा उजवा हात बोटांपर्यंत पांढरा. बाई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी खुणेने विचारलं, दुखतंय का? विचारलं आणि हात तसाच हवेत धरून ठेवला. लेकीने मान हलवली. मग पुढची खूण, काही खाल्लंस का? पुन्हा हात हवेत. शेजारच्या पलंगावरची बाई टकामका बघत होती.

 लेकीने डाव्या हाताने आईचा तो हवेतला हात धरला आणि हळूच खाली चादरीवर आणला. डाव्याच हाताने, अडखळत, ती म्हणाली, “आई, मी इथेच आहे. थांबू नकोस.”

बाईंना रडू आवरेना. लेकीसमोर बसूनही आपण खांबाशी बोलल्यासारखं बोलतोय, हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं. डोळे पुसून त्यांनी भराभर विचारलं, “काल काय सांगत होतीस?”

लेकीने डावा हात छातीशी नेला. तिथून आईकडे, आणि परत स्वतःकडे. “येशील का?”

एवढंच. आणि एवढंही त्या जोडलेल्या जगातून टाकीपर्यंत पोचलं नव्हतं.