चुंबकाला चिकटवलेली फ्लॉपी

बायको जाऊन तीन वर्षं झाली. पोरं म्हणतात, आईबद्दल काहीतरी चांगलं लिहा. मी चौथी शिकलेला गिरणीवाला, चांगलंबिंगलं मला जमत नाही. माझा एक गाढवपणा लिहितो. त्यात ती आपोआप दिसेल.

कोल्हारला आमची पिठाची गिरणी. उन्हाळ्यात शेवयांचं मशीनही चालायचं. लोक कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे, त्या नव्वदच्या दशकातली गोष्ट. ही दहावी झालेली, वय अडतीस. एक दिवस म्हणाली, "मी राहुरीला डिझाइनच्या क्लासला जानार."

"तिथं काय शिकवत्यात?"

"अक्षरं कशी मांडायची ते."

"मांडायला ती काय पंगतीतली ताटं हायेत?"

गेलीच. रोज एस.टी.नं. क्लासच्या सरांची स्वतःची प्रेस होती. त्यांनी सांगून ठेवलेलं, एक काम कागदावर छापून आणा, एक पडद्यावर दाखवा; दोन्ही मनासारखी झाली तर प्रेसमधली कॉम्प्युटरपुढची रिकामी खुर्ची तुमची. त्या खुर्चीपायी ही भाकरी भाजताना परातीच्या काठावर टाइप करायची. भाकरी करपायची.

कागदावरचं काम म्हणजे आमच्याच गिरणीचं हँडबिल. मधोमध 'शेवया करून मिळतील', खाली पत्ता, बाकी कागद मोकळा.

मी विचारलं, "एवढी जागा पडीक का ठेवली?"

"डोळ्याला बसायला."

"डोळा काय पाव्हना हाय? मिरची घाल, हळद घाल, बाजरी घाल. समदं मोठ्या अक्षरात."

"अहो, समद्यांनीच बोंब मारली तर ऐकनार कोन?"

माझं ऐकलं नाही. बाया हँडबिल हातात घेऊन शेवयांना आल्या, रांग लागली. तरी मी आठ दिवस म्हणत होतो, मिरची घातली असती तर मिरचीवाल्याही आल्या असत्या.

पडद्यावरचं काम गावच्या केबलवर. संध्याकाळच्या मालिकेआधी केबलवाला गावातल्या जाहिराती दाखवायचा. हिनं शेवयांची जाहिरात केली आणि क्लासला निघताना दोन फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी, तिच्यात कॉम्प्युटरचं काम साठवायचे.

"एकीत जाहिरात हाय, दुसरीत मराठी अक्षरांचा साचा. दोन्ही केबलवाल्याला द्या. साच्याशिवाय त्याच्या कॉम्प्युटरला मराठी वाचता येत न्हाई."

गिरणीत दळणं पडलेली. एक फ्लॉपी खिशात मावली. दुसरीला पीठ लागू नये म्हणून जागा शोधली. धान्यातले खिळे धरायला दळणाच्या पेटीवर मोठं लोहचुंबक असतं. फ्लॉपीला पत्र्याची पट्टी असते. टच्चकन चिकटली. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

दुपारी दोन्ही नेऊन दिल्या. केबलवाला म्हणाला, "काका, ही दुसरी कोरी हाय."

"पहिलीत जाहिरात हाय ना? मग लाव की."

संध्याकाळी आम्ही टीव्हीपुढं बसलो. शेवयांचं चित्र झकास आलं. खाली मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, त्यात कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. हिचा चेहरा उतरला.

"साच्याची फ्लॉपी दिली ना?"

"दिली की. चुंबकाला लावून जपून ठेवली हुती."

दळणाबरोबर मी मांजर दळलंय असं तिनं माझ्याकडं बघितलं. चुंबकानं फ्लॉपीतलं सगळं पुसलं जातं, हे मला तेव्हा कळलं.

सरांनी आणखी एक सांगितलेलं. जाहिरात बघून काय कळलं ते दहा जणांना विचारायचं आणि जसंच्या तसं लिहून आणायचं. मी म्हटलं, "लिही की, शेवया कळल्या म्हून. सर काय गावात येनार हायेत?"

"खोटं लिहून त्या खुर्चीवर बसू?"

वही घेऊन दारोदार फिरली. एक म्हणाला, गिरणी परदेशी कंपनीनं घेतली वाटतं. एकीला वाटलं, जंताच्या औषधाची जाहिरात. एका म्हाताऱ्यानं टीव्ही बिघडला म्हणून त्याला दोन थापडा मारलेल्या. एकानं ते कोडं समजून सोडवलं होतं, बक्षिसाचा मिक्सर कधी मिळणार विचारत होता. शेजारीण म्हणाली, "वैनी, आता विंग्लिश शेवया का?" हिनं सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीही राहुरीला गेलो. चपला काढल्या. "सर, चूक माझी हाय. फ्लॉपी मी चुंबकाला चिकटवली."

सर वही वाचत होते. जंतापाशी आले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग हिला म्हणाले, "यातून शिकलात काय?"

"अक्षरांचंच चित्र करून पाठवायचं. मग साचा लागत न्हाई."

"आणखी?"

"नवऱ्याच्या हाती पाठवायचं न्हाई."

अख्खा क्लास हसला. मीही हसलो, करतो काय!

सर म्हणाले, "जाहिरात फसली, ती नीट करून पुन्हा लावा. पण स्वतःची फजिती दहाच्या दहा उत्तरांत खरी लिहून आणणारं माणूस मला प्रेसमध्ये पाहिजे. जा, बसा खुर्चीवर."

खुर्ची गोल फिरणारी निघाली. हिनं पदर खोचला, बसली, पायानं जमीन ढकलली आणि गर्रकन एक फेरी मारली. मग उलटी एक. अडतीस वर्षांची बाई, सगळ्यांसमोर.

"अगं, एस.टी. जाईल," मी म्हटलं.

"थांबा हो. अजून एकदा."

एस.टी. गेली असती तर दुसरी आली असती. पण मी घाई केली.